निळ्या थाळीवरील चक्र : चिनी निर्यात पोर्सेलिनच्या अलंकरणाची एक चिकित्सा

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अथवा हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात चिनी भांड्यांच्या कपाटांपुढून जाताना एखाद्या निळ्या-पांढऱ्या भांड्यावर चक्र, शंख, छत्र वा कमळ रेखाटलेले दिसले की धम्मबांधवांची पावले थबकतात. 'हे तर आपलेच' असा उद्गार निघतो. रंगही निळा! ज्या समाजाने निळा ध्वज खांद्यावर घेऊन आपले माणूसपण मिळवले, त्याला या रंगाची ओढ वाटावी हे स्वाभाविक आहे. परंतु हा निळा कोबाल्ट धातूच्या खनिजाचा आहे, आणि त्या चक्राचा धम्मचक्राशी नेमका संबंध काय, हा प्रश्न ओढीने सुटणारा नाही. तो तपासावा लागतो.

या वस्तूंविषयी दोन मते सर्रास आढळतात. एक आपल्याकडील उत्साही लेखकांचे. चीनने बौद्ध कला जगाच्या बाजारपेठेपर्यंत पोचवली, असे ते सांगतात. दुसरे संग्रहालयीन सूचींचे. तेथे 'बौद्ध चिन्हे' असे दोन शब्द लिहून सूचीकार पुढच्या थाळीकडे वळतो. पहिल्या मतात अभिमान अधिक आणि दुसऱ्यात निष्काळजीपणा अधिक. माझ्या मते दोन्ही अपुरी आहेत, कारण चिन्ह कोणी काढले, कोणासाठी काढले आणि काढताना त्याचा अर्थ कोणाला ठाऊक होता, हे तीन प्रश्न दोघांनीही विचारलेले नाहीत.

वस्तूचे स्वरूप थोडक्यात सांगतो. मराठीत आपण पोर्सेलिनला 'चिनी माती' म्हणतो, तेव्हा नकळत एक इतिहासच उच्चारत असतो. दक्षिण चीनच्या जिआंगशी प्रांतातील जिंगदेजेन हे या उद्योगाचे मुख्य केंद्र. पांढरी केओलिन माती आणि दळलेला एक विशिष्ट दगड यांच्या मिश्रणातून भांडे घडवायचे, ते कच्चे असतानाच त्यावर कोबाल्टने चित्र काढायचे, वरून पारदर्शक झिलई द्यायची आणि सुमारे १३०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत एकदाच भाजायचे, अशी ही रीत. रंगवताना कोबाल्ट काळपट दिसतो आणि कच्च्या मातीत तत्काळ शोषला जातो. चुकलेली रेघ पुसता येत नाही. चौदाव्या शतकात युआन राजवटीत ही पद्धत पूर्णत्वास पोचली. तिला लागणारा उत्तम कोबाल्ट तेव्हा इराणकडून येत असे आणि तयार मालही मोठ्या प्रमाणात पश्चिम आशियाकडे जात असे. म्हणजे निळी-पांढरी ही 'अस्सल चिनी' वाटणारी शैली जन्मापासूनच परदेशी गिऱ्हाइकाशी बांधलेली आहे. शाह अब्बास याने १६११ साली अर्दबीलच्या दर्ग्याला हजाराहून अधिक चिनी भांडी अर्पण केली, आणि इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातील संग्रह तर त्याहून कितीतरी मोठा आहे.

आता अष्टमंगलाकडे वळू. चिनी परंपरेत आठ चिन्हांचा क्रम साधारणपणे असा : चक्र, शंख, छत्र, वितान, कमळ, कलश, मत्स्ययुग्म आणि अंतहीन गाठ. तिबेटी परंपरेतील विजयध्वजाची जागा चिनी कारागिरांनी वितानाला दिली. ही आठांची यादी पालि तिपिटकात नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. चक्र आहे, कमळ आहे, शंख उपमेत येतो. पण त्यांचा असा संच निकायांत कोठे बांधलेला नाही. मथुरेच्या कंकाली टीला येथे सापडलेल्या जैन आयागपटांवर मंगलचिन्हांचे संच आहेत आणि ते कुषाणकाळाच्या आसपासचे आहेत. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील शिलालेखांच्या आरंभी वा अखेरीस स्वस्तिक आणि नंदिपद कोरलेले आपण पाहतोच. ही चिन्हे त्या काळच्या भारतीय समाजाची सामाईक ठेव होती. बौद्धांनी ती घेतली, जैनांनी घेतली, इतरांनीही घेतली. त्यांना केवळ 'बौद्ध' म्हणणे ऐतिहासिकदृष्ट्या टिकणारे नाही.

चीनमध्ये हा संच प्रामुख्याने तिबेटी बौद्ध परंपरेच्या वाटेने दरबारात रुजला. युआन सम्राटांनी तिबेटी आचार्यांना आश्रय दिला होता. पुढे मिंग वंशातील युंगले सम्राटाने पाचव्या कर्मापांना नानजिंगला पाचारण केले आणि १४०७ साली तेथे सम्राटाच्या दिवंगत मातापित्यांसाठी मोठे विधी झाले. श्वानदे सम्राटाच्या काळात, म्हणजे १४२६ ते १४३५ या दशकात, उंच बैठकीचे असे निळे-पांढरे चषक तयार झाले की ज्यांच्यावर तिबेटी लिपीत कुशलचिंतन लिहिलेले आहे. त्या लेखनात अक्षर शाबूत आहे. वाचणारा ते वाचू शकतो, कारण ते वाचू शकणाऱ्यासाठीच बनवले होते. दाता, ग्रहीता आणि वस्तू यांमध्ये अर्थाचा धागा तुटलेला नव्हता. या भांड्यांना बौद्ध वस्तू म्हणण्यास माझी हरकत नाही, जरी ती वज्रयानी आणि राजदरबारी आहेत आणि त्यांचा विधिविधानांशी असलेला संबंध आपल्याला पटणारा नसला तरी.

निर्यात मालाची गोष्ट वेगळी. मिंग दरबाराने खासगी सागरी व्यापारावरील बंदी १५६७ साली सैल केली आणि त्यानंतर वानली सम्राटाच्या कारकिर्दीत जिंगदेजेनच्या खासगी भट्ट्यांतून जी शैली बाहेर पडली तिला 'क्राक' म्हणतात. हे नाव बहुधा पोर्तुगीजांच्या 'कॅरॅक' जातीच्या जहाजांवरून पडले. डचांनी १६०२ साली 'साओ तियागो' आणि १६०३ साली 'सांता कातारिना' ही पोर्तुगीज जहाजे पकडली. दुसऱ्या जहाजातील मालाचा १६०४ साली ॲम्स्टरडॅमला लिलाव झाला आणि उत्तर युरोपला या भांड्यांचे वेड लागले. लुटीच्या मालाला लुटलेल्या जहाजाचे नाव!

क्राक थाळीची रचना एकदा समजून घेण्यासारखी आहे. मध्यभागी एक वर्तुळ किंवा अष्टकोन. त्यात खडकावर बसलेला पक्षी, मृगांची जोडी, फुलांची परडी किंवा कमळतळ्यातील बदके. त्याभोवती काठापर्यंत किरणांसारखे पसरलेले रुंद कप्पे, आणि दोन रुंद कप्प्यांमध्ये मणी व गोंडे लोंबणारी एकेक अरुंद पट्टी. रुंद कप्प्यात आळीपाळीने पीच फळ वा फूल आणि एखादे चिन्ह. भांडे इतके पातळ की काठाची झिलई ठिकठिकाणी उडालेली असते. जपानी रसिक तिला कीड लागल्याची उपमा देतात. रेखाटन वेगवान आहे : आधी गडद बाह्यरेषा, मग आत फिकट निळ्याचा भराव. मौरा रिनाल्दी यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या थाळ्यांच्या काठांवरून त्यांचे वर्गीकरण केले. कालनिश्चितीसाठी ते फार उपयुक्त आहे आणि त्यांचा हेतूही तोच होता. मात्र त्या पद्धतीत चिन्ह हा कप्प्यात बसणारा एक आकार ठरतो. तो आकार काय बोलत होता, हा विचार वाचकाला स्वतः करावा लागतो.

मी तो असा करतो. क्राक थाळीच्या कप्प्यांत अष्टमंगल पूर्ण आठांच्या क्रमाने क्वचितच येते. कमळाशेजारी आर्टेमिसियाचे पान येते, त्यापुढे गुंडाळी, मग ताओपंथी अमरांपैकी एकाचा भोपळा किंवा पंखा, मग पुन्हा गाठ. बौद्ध, ताओ आणि साहित्यिक अभिरुचीची 'अष्टरत्ने' यांची सरमिसळ होते. कोणाचे चिन्ह कोणाशेजारी बसवायचे याचा नियम राहिलेला नाही. गोंडा बांधला की कोणतीही वस्तू मंगल होते. याच्या जोडीला चिनी भाषेतील उच्चारसाम्याचा खेळ आहे. मासा आणि विपुलता यांचा उच्चार सारखा, म्हणून मत्स्ययुग्म म्हणजे भरभराट. कलश आणि शांती यांचा उच्चार जुळतो, म्हणून कलश म्हणजे घरची स्वस्थता. मृगाचा उच्चार राजसेवेच्या वेतनाशी जुळतो. तेव्हा थाळीच्या मध्यभागी मृग दिसताच आपल्या अभ्यासकांनी सारनाथचा मिगदाय आठवू नये. त्या मृगाला इसिपतनाची वाट ठाऊक नाही. तो सरकारी नोकरीच्या बढतीची शुभेच्छा देत उभा आहे. आणि लिस्बन वा ॲम्स्टरडॅमच्या खरेदीदाराला तर ही शुभेच्छाही कळत नव्हती. त्याच्या लेखी ते एक गोजिरवाणे जनावर होते.

पालिच्या अभ्यासकाला अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट अक्षरांची आहे. नेपाळच्या नेवार समाजाच्या रंजना लिपीला तिबेट-चीनमध्ये लांत्सा म्हणतात. या लिपीतील बीजाक्षरे पंधराव्या शतकापासून दरबारी भांड्यांवर येतात. छंगह्वा काळातील वाट्यांवर ती आहेत, आणि वानली काळातील कमळाच्या आकाराच्या भांड्यांच्या पाकळीपाकळीवर एकेक अक्षर सुबकपणे बसवलेले आहे. तेथपर्यंत ते अक्षर आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात फुजियान प्रांताच्या भट्ट्यांनी आग्नेय आशियाच्या बाजारासाठी जी स्वस्त, जाडसर निळी-पांढरी भांडी काढली, त्यांवर हेच अक्षर ओळीने पुन्हा पुन्हा येते आणि प्रत्येक आवृत्तीत त्याची एक मात्रा गळते. शेवटी उरतो तो एक वेलांटीदार ठिपका. सूचींत त्याला आजही 'संस्कृत अक्षरांची नक्षी' म्हणतात. संस्कृत जाणणाऱ्याने ती वाचण्याचा प्रयत्न करून पाहावा!

याला कारागिराचे अज्ञान म्हणून हिणवण्याचे कारण नाही. पोर्तुगालमधील बेझा येथे एक निळी-पांढरी वाटी आहे. तिच्यावर मलाक्काचा अधिकारी पेरो द फारिया याचे नाव व १५४१ हे वर्ष पोर्तुगीज भाषेत लिहिले आहे, आणि तो सारा मजकूर उलटा लिहिला आहे. रोमन अक्षर असो वा लांत्सा, रंगवणाऱ्याला दोन्ही सारखीच परकी होती. फरक एवढाच, की पेरो द फारियाला आपले नाव उलटे आले हे दिसले असणार. लांत्सा अक्षराच्या बाजूने तक्रार करणारा त्या बाजारात कोणी नव्हता.

येथे मंगलसुत्ताचे स्मरण अपरिहार्य आहे. खुद्दकपाठ आणि सुत्तनिपात या दोन्ही ग्रंथांत आलेल्या या सुत्तात देव-मनुष्यांना पडलेला प्रश्न हाच आहे की मंगल कशाला म्हणावे. तथागतांनी उत्तरात एकही वस्तू सांगितली नाही. शंख नाही, कलश नाही, मासा नाही. मूर्खांची संगत टाळणे, योग्य ठिकाणी राहणे, बहुश्रुतता, आईवडिलांची सेवा, निर्दोष कर्म अशी आचरणाची मालिका त्यांनी सांगितली. शकुन-अपशकुनाच्या मागे धावणाऱ्या उपासकाला अंगुत्तरनिकायाच्या पञ्चकनिपातात 'कोतूहलमङ्गलिक' म्हटले असून त्याची गणना निकृष्ट उपासकांत केली आहे. (त्या सुत्तात अशा उपासकासाठी जे विशेषण वापरले आहे ते तत्कालीन समाजातील एका पीडित जातीचे नाव आहे. संकलकांनाही आपल्या काळाच्या भाषेतून सुटता आले नाही, हे आपण झाकून ठेवू नये.) तेव्हा अष्टमंगलाचा संच जसजसा शुभशकुनाच्या बाजूला झुकतो तसतसा तो धम्मापासून दूर जातो, मग तो दरबारी भांड्यावर असो की निर्यातीच्या. निर्यातीने अर्थ नष्ट केला असे म्हणणारे अभ्यासक हे विसरतात की अर्थाची घसरण घरातच सुरू झाली होती. चिंग काळातील काही भांड्यांवर तर आठांतील चक्र जाऊन त्याजागी घंटा आली. संख्या आठ राहिली, तेवढ्यावर सर्वांचे समाधान झाले.

तथापि मंगलसुत्ताच्या त्याच मालिकेत, बहुश्रुततेला लागून, आणखी एक शब्द आहे : 'सिप्प'. शिल्प, हातातील कसब. या एका शब्दामुळे थाळीकडे पाहण्याची माझी दिशा बदलली. चित्रातल्या शंखावरून दृष्टी शंख काढणाऱ्या हाताकडे गेली.

तो हात कोणाचा? सुंग यिंगशिंग याने १६३७ सालच्या 'थियेनकुंग काइवु' या ग्रंथात एक पेला पूर्ण होईपर्यंत बहात्तर हातांतून जातो असे नोंदवले आहे. फ्रेंच जेझुइट पाद्री दांत्रकोल याने १७१२ व १७२२ साली जिंगदेजेनहून लिहिलेल्या पत्रांत रंगकामाच्या शाळेचे वर्णन आहे. काठाखालची पहिली रेघ काढणारा दुसरे काहीच काढत नाही. फुलाची बाह्यरेषा एक जण आखतो, भराव दुसरा करतो. डोंगर-पाणी एकाचे, पशुपक्षी दुसऱ्याचे. म्हणजे कमळ आखणाऱ्याने ते भरलेले नाही आणि भरणाऱ्याने ते आखलेले नाही. चिन्हातून अर्थ गळतो म्हणतात तो कोठून गळतो, याचे उत्तर मला या वर्णनात दिसते. ज्याच्या वाट्याला आयुष्यभर एकच रेघ आली त्याच्याकडून आपण धम्मचक्राच्या आऱ्यांचा अर्थ विचारावा काय?

परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त श्रमविभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांत जो भेद दाखवला तो येथे सरळसोट लावता येणार नाही. जिंगदेजेनमध्ये जात नव्हती. पण युआन आणि मिंग राजवटींनी कारागिरांच्या घराण्यांची वंशपरंपरागत नोंद ठेवली होती आणि त्यांच्यावर राजाच्या वेठीचे बंधन होते. पुढे सोळाव्या शतकात ती वेठ चांदीच्या भरण्यात बदलली गेली, म्हणजे बंधन सुटण्याची वाट निघाली. आपल्याकडे कुंभाराच्या चाकाला अशी वाट निघाली नाही. हा फरक लहान नाही, आणि 'पूर्वेकडील समाज सगळे सारखेच' असे म्हणणाऱ्यांनी तो ध्यानात घ्यावा.

तरीही वाट सुखाची नव्हती. वानली सम्राटाने पाठवलेल्या फान शियांग या खोजा अधिकाऱ्याच्या जाचाविषयी एक कथा जिंगदेजेनमध्ये परंपरेने सांगतात. नाग-चित्रांचे प्रचंड रांजण भट्टीत वारंवार फुटत होते, कारागिरांना फटके बसत होते, आणि शेवटी थुंग पिन नावाच्या भट्टीकामगाराने धगधगत्या भट्टीत उडी घेतली. त्यानंतर रांजण नीट भाजले गेले, असे कथा म्हणते. थुंग पिनला पुढे भट्टीचा देव करण्यात आले, त्याचे देऊळ बांधले गेले. मला या कथेतील चमत्काराशी कर्तव्य नाही. छळामुळे मेलेल्या मजुराला देव बनवले की छळ करणाऱ्याचा हिशेब चुकता होतो, ही युक्ती आपण आपल्या देशात पुरेशी पाहिली आहे. त्याच काळात कामगारांनी दंगा करून राजभट्टीच्या इमारती जाळल्या, ही गोष्ट देवळापेक्षा कमी सांगितली जाते.

आणि नाव? भांड्याच्या तळाशी नाव असते ते सम्राटाच्या कारकिर्दीचे, रंगवणाऱ्याचे नव्हे. १६७७ च्या सुमारास स्थानिक अधिकाऱ्याने सम्राटाचे नाव भांड्यावर घालण्यास मनाई केली, कारण भांडे फुटले तर नावाचा अपमान होईल! तेव्हा त्याजागी पान, शंख, कमळ अशी चिन्हे आली. म्हणजे मंगलचिन्हे या ठिकाणी रिकामी जागा भरण्यासाठी आली. याउलट कार्ल्याच्या चैत्यगृहाचे दार पाहा. ते करणाऱ्या धेनुकाकटाच्या सुताराने, वेणुवासाच्या पुत्राने, आपले 'सामि' हे नाव तेथे कोरले आहे. दोन हजार वर्षांनंतरही ते वाचता येते. कार्ल्याला बौद्ध कला म्हणताना जी गोष्ट माझ्या मनात असते ती शोभेच्या कमळात नाही, या नावात आहे.

पुढच्या शैलींविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. मिंग सत्ता ढासळत असताना जी संक्रमणकालीन भांडी निघाली, त्यांवर कथाप्रसंग आणि क्वचित 'लोहान', म्हणजे अर्हत, येतात. रेखाटन उत्तम आहे. डच कंपनीने १६३५ साली लाकडी नमुने पाठवून हवे ते आकार बनवून घेतले. पुढे ग्राहकाचा हुकूम इतका चालू लागला की अठराव्या शतकातील मालात नक्षी हा जवळजवळ मागणीपत्राचाच भाग झाला. १७५२ साली बुडालेल्या 'खेल्डरमाल्सेन' या डच जहाजातून १९८५ मध्ये दीड लाखाच्या आसपास भांडी वर काढण्यात आली. पूल, पॅगोडा, विलो वृक्ष यांचे तेच ते निसर्गचित्र अशा मालात शेकड्यांनी आढळते. इंग्लंडमधील कारखानदारांनी याच धर्तीवर अठराव्या शतकाच्या अखेरीस 'विलो' नक्षी रचली, तिला जोडून एका प्रेमी युगुलाची 'प्राचीन चिनी' कथा एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्येच रचली, आणि मग चिनी कारागिरांना तीच नक्षी काढून द्यावी लागली. त्या चित्रातील पॅगोडा हा मूळचा स्तूप, हे कोणाच्या ध्यानीही नाही.

हे सारे दूरचे वाटेल. पण आज भेटवस्तूंच्या दुकानांत 'हसरा बुद्ध' म्हणून विकली जाणारी पोटभर मूर्ती ही दहाव्या शतकातील बुदाइ नावाच्या एका चिनी भिक्खूची आहे, तथागतांची नव्हे, आणि ती आपल्याही घरांत दूरदर्शन संचावर बसलेली मी पाहतो. धनप्राप्तीसाठी तिचे पोट चोळणारा उपासक बावीस प्रतिज्ञा पाठ म्हणतो. क्राक थाळीवरील चक्राविषयी मी इतक्या तपशिलात शिरलो त्याचे कारण हेच आहे. आपल्या पुस्तिकांच्या मुखपृष्ठांवर अशा थाळ्यांची चित्रे 'बौद्ध कला' म्हणून छापण्याची प्रथा मला मान्य नाही. छापायचीच असतील तर खाली स्थळ, भट्टी, काळ आणि ग्राहक ही चार माहिती द्यावी.

आपल्याच किनाऱ्यावर हे काम करण्यास जागा आहे. मकावहून निघालेला माल मलाक्कामार्गे गोव्यास येई आणि तेथून लिस्बनला जाई. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीनच्या उद्ध्वस्त मठाच्या परिसरात चिनी पोर्सेलिनचे तुकडे मिळाले आहेत, चौल-रेवदंड्याकडेही मिळतात. ख्रिस्ती साधूंच्या भोजनाच्या ताटाखाली ही चिन्हे होती आणि जेवणाऱ्याला ती कोणाची हे विचारण्याची गरज पडली नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी या तुकड्यांतील काठांचे कप्पे एकेक करून मोजावेत, कोणते चिन्ह किती वेळा, कोणाशेजारी येते याची यादी करावी, आणि रेघ कोठे एका हाताची संपून दुसऱ्याची सुरू होते हे भिंगाखाली पाहावे. चक्र मिळाले तर त्याचे आरे मोजायला विसरू नये.